टपालाने मोजलेली लोकशाही

१९८३ च्या जानेवारीत इटलीतल्या प्रत्येक प्रादेशिक सरकारकडे तीन साधी पत्रे गेली. पहिले आरोग्य खात्याकडे : परदेशात सुट्टीवर असताना आजारी पडलो, तिथल्या दवाखान्याचे बिल परत मिळण्यासाठी काय करावे लागते? दुसरे व्यवसायशिक्षण खात्याकडे : भावाची शाळा नुकतीच संपली आहे, त्याच्या प्रशिक्षणाची काय सोय होईल? तिसरे शेती खात्याकडे : एका शेतकरी मित्राला नवे पीक करून पाहायचे आहे, कर्ज किंवा अनुदान मिळेल का? कोणत्याही नागरिकाने लिहावीत अशीच ही पत्रे होती. प्रत्यक्षात ती एका संशोधनाचा भाग होती. उत्तर किती दिवसांत आले, नेमके आले का, पुरेसे आले का, याची नोंद ठेवली जात होती. उत्तर आलेच नाही तर फोन करायचा आणि फोननेही काम झाले नाही तर माणूस समक्ष पाठवायचा, असे ठरले होते.

एमिलिया-रोमान्या आणि व्हाले दाओस्ता या प्रदेशांतून तीनपैकी दोन पत्रांना आठवड्याच्या आत सविस्तर उत्तर आले. तिसऱ्यासाठी एक फोन पुरला. कालाब्रिया, कांपानिया आणि सार्डिनिया या प्रदेशांतून एकाही पत्राला उत्तर आले नाही. फोन झाले, समक्ष खेटे झाले, तरी माहिती हाती पडायला कित्येक आठवडे गेले. देश एक, राज्यघटना एक, कायदा एक, खातीही तीच, मग एवढा फरक का पडावा?

अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनम यांनी या एका प्रश्नावर वीस वर्षे खर्च केली. रॉबर्ट लिओनार्दी आणि राफाएला नानेत्ती हे दोघे त्यांचे सहकारी. १९९३ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढलेले ‘मेकिंग डेमॉक्रसी वर्क’ हे त्या कष्टाचे फळ. लोकशाहीच्या तौलनिक अभ्यासात या पुस्तकाइतकी चर्चा, आणि या पुस्तकाइतके वाद, फार थोड्या ग्रंथांच्या वाट्याला आले. त्यातले निष्कर्ष मान्य असोत वा नसोत, ते ज्या रीतीने शोधले आहेत ती रीत मला अतिशय मोलाची वाटते. या लेखात तिचीच वाट धरून चालायचे आहे.

प्रयोग समजून घ्यायला थोडी पार्श्वभूमी हवी. दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीने राज्यघटना केली, ती १९४८ पासून लागू झाली. तिच्यात प्रादेशिक सरकारांची तरतूद होती, पण सिसिली, सार्डिनिया यांसारखे पाच खास प्रदेश सोडले तर बाकीच्यांची ही तरतूद बावीस वर्षे कागदावरच राहिली. १९७० मध्ये पंधरा प्रदेशांत एकाच वेळी निवडणुका झाल्या आणि निवडून आलेली प्रादेशिक मंडळे कामाला लागली. पुढच्या काही वर्षांत आरोग्य, शेती, गृहबांधणी, व्यवसायशिक्षण असे विषय रोमकडून त्यांच्याकडे आले. १९९० च्या सुमारास देशाच्या उत्पन्नाचा जवळजवळ दहावा हिस्सा ही सरकारे खर्च करत होती.

समाजशास्त्राच्या अभ्यासकाला प्रयोगशाळा नसते. इथे ती आयती मिळाली. पटनम यांनी स्वतः वनस्पतिशास्त्रज्ञाचा दाखला दिला आहे : एकाच जातीचे बी वेगवेगळ्या जमिनींत पेरायचे आणि कुठे कसे उगवते ते बघत बसायचे. बी म्हणजे सारख्या अधिकारांची, सारख्या रचनेची सरकारे. जमीन म्हणजे तिथला समाज. दाखला सोपा आहे. त्यामागचा संयम सोपा नाही. सरकारे जन्मली तेव्हा हे संशोधक तिथे होते आणि ती वयात येईपर्यंत पुन्हा पुन्हा येत राहिले. लोम्बार्दीपासून बासिलिकातापर्यंत सहा प्रदेश त्यांनी बारकाईने अभ्यासाला घेतले. लोकप्रतिनिधींच्या मुलाखतींच्या चार फेऱ्या केल्या, मतदारांच्या चाचण्या घेतल्या, अंदाजपत्रके आणि कायदे वाचले. तौलनिक अभ्यास म्हणजे दोन देशांची आकडेवारी शेजारीशेजारी मांडणे, असा समज असेल तर हे पुस्तक तो दूर करते.

पुस्तकाची सुरुवात लक्षात राहते ती दोन कचेऱ्यांमुळे. पुलिया प्रदेशाचे मुख्यालय बारी शहरात आहे. भेटायला येणाऱ्याला आधी ते शोधावे लागते, कारण ते रेल्वे यार्डापलीकडच्या एका ओळखू न येणाऱ्या इमारतीत आहे. बाहेरच्या कळकट खोलीत काही कर्मचारी रेलून बसलेले, आत रिकाम्या टेबलांच्या रांगा. तिथल्या एका महापौराची तक्रार पुस्तकात आली आहे : हे लोक पत्राला उत्तर देत नाहीत, फोन उचलत नाहीत, आणि कागदपत्रे पुरी करायला बारीला जायचे तर आपला टाइपरायटर आणि टायपिस्ट बरोबर न्यावा लागतो. टाइपरायटर काखोटीला मारून सरकारी कचेरीत निघालेला महापौर डोळ्यांसमोर उभा राहिला की प्रशासनाच्या अपयशावर वेगळे प्रकरण लिहायची गरज उरत नाही. दुसरी कचेरी बोलोन्याची, एमिलिया-रोमान्या प्रदेशाची. काचेच्या भिंती, विचारपूस करणारी स्वागतिका, धोरणांची माहिती संगणकावरून काढून देणारे अधिकारी. बाहेर शहराच्या मुख्य चौकात रोज संध्याकाळी घोळक्याघोळक्याने राजकारणावर वाद घालणारे नागरिक.

आता ही दोन चित्रे मोठी बोलकी आहेत, आणि तोच त्यांचा धोका. कचेरीत डोकावून प्रदेशाची परीक्षा करणे प्रवासवर्णनाला शोभते, शास्त्राला नाही. पटनम हे जाणतात. म्हणून तिसऱ्या प्रकरणात ते स्वतःच्याच चित्रांवर अविश्वास दाखवतात आणि मोजायला बसतात. बारा निकष. मंत्रिमंडळे किती टिकली? अंदाजपत्रक वेळेवर मंजूर झाले का? नवे कायदे आधी कोणी केले आणि कोणी मागाहून उचलले? पाळणाघरे किती उघडली? कुटुंब-दवाखाने किती? शेतीसाठी आलेला पैसा शेतीवर खर्च झाला की पडून राहिला? घरबांधणीचा निधी वापरला गेला का? आणि नागरिकाच्या पत्राला उत्तर आले का?

या निकषांची निवड मला पुस्तकातली सर्वांत सुंदर गोष्ट वाटते. एकही निकष दिखाऊ नाही. पाळणाघरांचेच घ्या. त्यांच्यासाठी केंद्र सरकारने सगळ्या प्रदेशांना पैसा देऊ केला होता. प्रदेशाने फक्त तो वापरायचा होता. १९८३ च्या अखेरीस एमिलिया-रोमान्यात दर ४०० मुलांमागे एक पाळणाघर उभे होते. कांपानियात एका पाळणाघरामागे बारा हजारांहून अधिक मुले होती. लोकशाही कशी चालली आहे, हे कांपानियातल्या नेपल्स शहरातल्या नोकरदार आईला या एका आकड्यात कळते. बारा निकषांतले गुण एकमेकांशी जुळत गेले : ज्याचे अंदाजपत्रक वेळेवर, त्याचीच पाळणाघरे जास्त, त्याच्याकडूनच पत्राला उत्तर. मग हाच निकाल लोकमतापुढे ठेवला. आपल्या प्रादेशिक सरकारवर लोक किती समाधानी आहेत, हे चाचण्यांमधून विचारले, तर लोकांनी लावलेला क्रम आणि संशोधकांनी लावलेला क्रम जवळजवळ सारखाच निघाला. जाणकारांना दिसते ते सामान्य माणसाला दिसत नाही, असे मानणाऱ्यांनी ही पाने जरूर वाचावीत.

चौथ्या प्रकरणात ‘का?’ येतो. पहिले उत्तर कोणीही देईल : उत्तर श्रीमंत, दक्षिण गरीब, पैसा आहे तिथे कारभार चांगला. पटनम हे उत्तर झटकून टाकत नाहीत. आधी ते मान्य करतात की श्रीमंती आणि चांगला कारभार यांचा संबंध दिसतो. मग उत्तर आणि दक्षिण वेगवेगळे करून बघतात, आणि तो संबंध विरघळतो. लोम्बार्दी, पिएमाँते, लिगुरिया हे प्रदेश अधिक धनवान, पण कारभारात एमिलिया-रोमान्या आणि उंब्रिया त्यांच्या पुढे. दक्षिणेत कांपानिया हा शेजारच्या मोलिझे आणि बासिलिकाता यांच्याहून पुढारलेला, पण सरकार त्यांच्याहून वाईट. पैशाने सगळे उलगडत नाही.

पक्षाने उलगडते का? एमिलिया-रोमान्या हा कम्युनिस्टांचा बालेकिल्ला. तेव्हा कम्युनिस्ट कारभार शिस्तीचा, म्हणून प्रदेश पुढे, असे म्हणता आले असते. पण ख्रिश्चन डेमॉक्रॅट पक्षाच्या हाती असलेले उत्तरेकडचे प्रदेशही बरे चालले होते. पक्षांबाबत पुस्तकाने नोंदवलेली दुसरी गोष्ट मला अधिक मोलाची वाटते. १९७० मध्ये प्रादेशिक मंडळांत आलेले कम्युनिस्ट आणि ख्रिश्चन डेमॉक्रॅट एकमेकांकडे शत्रू म्हणून पाहत होते. रस्ते, दवाखाने, अंदाजपत्रक यांवर वर्षानुवर्षे एकत्र बसल्यावर त्यांची भाषा बदलली, टोके बोथट झाली. लोकप्रतिनिधींच्या मुलाखतींच्या फेऱ्यांमागून फेऱ्यांत ही उतरण दिसते. एकत्र काम करायला लावणारी संस्था माणसांना बदलते, हा या पुस्तकातला आशेचा धागा आहे. पुढच्या वादांत तो बहुतेक टीकाकारांच्या हातून सुटला.

पटनम यांचे स्वतःचे उत्तर समाजाकडे बोट दाखवते. ज्या प्रदेशात माणसे आपणहून एकत्र येतात, तिथे सरकार चांगले चालते. ‘आपणहून एकत्र येणे’ मोजायचे कसे? त्यांनी चार गोष्टी घेतल्या. फुटबॉल क्लब, गायनमंडळे, पक्षीनिरीक्षकांची मंडळे अशा संस्था किती आहेत. वर्तमानपत्र किती घरांत वाचले जाते. सार्वमताला किती लोक येतात. आणि निवडणुकीत पसंतीचे मत किती जण वापरतात.

शेवटच्या दोन गोष्टींवर थांबायला हवे. इथे निवडणूक-अभ्यासाची खरी हुशारी आहे. नुसती मतदानाची टक्केवारी काहीच सांगत नाही, कारण मत विकतही घेतले जाते आणि उपकाराच्या ओझ्याखालीही दिले जाते. सार्वमताचे तसे नाही. १९७४ मध्ये इटलीने घटस्फोटाच्या कायद्यावर मत दिले, १९८७ मध्ये अणुऊर्जेवर. तिथे कोणी उमेदवार नाही, निवडून येऊन नोकरी लावणारा कोणी नाही. अशा वेळी जो रांगेत उभा राहतो तो सार्वजनिक प्रश्नासाठी उभा राहतो. पसंतीचे मत नेमके याच्या उलट. इटलीत मत पक्षाच्या यादीला द्यायचे. त्या यादीतल्या अमुक माणसाचे नाव लिहिणे ऐच्छिक होते. कागदावर ही जागरूकतेची खूण वाटते. प्रत्यक्षात जिथे नाव लिहिण्याचे प्रमाण मोठे, तिथे मतदार आणि पुढारी यांच्यात वशिल्याची देवाणघेवाण चालते, हे इटलीच्या अभ्यासकांना आधीच माहीत होते. एकाच मतपत्रिकेत नागरिक आणि आश्रित असे वेगळे करून पाहता येतात, हे दाखवणारी नजर पुस्तके वाचून येत नाही; ती गावोगाव हिंडून येते.

तीच नजर पुढाऱ्यांच्या भेटीगाठींकडे वळते. कारभार चांगला असलेल्या प्रदेशात लोकप्रतिनिधीला आठवड्याला वीसहून कमी मतदार भेटायला येत. जिथे वशिल्याचे राज्य, तिथे पन्नास-साठ येत. म्हणजे लोक पुढाऱ्याच्या दारात जितके जास्त, तितका कारभार वाईट. कारण हे लोक धोरणावर बोलायला आलेले नसत; नोकरी, बदली, परवाना यांसाठी आलेले असत. पुढाऱ्याच्या वाड्यावर सकाळी जमणारी गर्दी म्हणजे लोकसंपर्क, असे आपल्याकडेही कौतुकाने बोलले जाते. त्या गर्दीतला प्रत्येक माणूस कचेरीत न झालेले एक काम घेऊन आलेला असतो, हे या प्रकरणाने मला कायमचे शिकवले.

सहाव्या प्रकरणात पटनम विश्वासाच्या मुळाशी जातात. माणसे एकमेकांवर विश्वास टाकायला शिकतात कशी? त्यासाठी त्यांनी जगभर आढळणाऱ्या एका व्यवहाराचा आधार घेतला आहे. मराठी वाचकाला तो समजावून सांगायला नको, कारण तो म्हणजे आपली भिशी. दहा बायका दरमहा ठरावीक रक्कम काढतात, दर महिन्याला एकीला सगळी रक्कम मिळते. पहिल्याच महिन्यात जिची चिठ्ठी निघाली ती पुढचे नऊ महिने हप्ते का भरते? करार नाही, तारण नाही, कोर्टकचेरी तर नाहीच. तिचे नाव हेच तारण. बुडवले तर पुन्हा कोणी भिशीत घेणार नाही, आणि ती बातमी लग्नकार्यातही पोहोचेल. अशा लहान व्यवहारांतून विश्वास साठतो आणि वापरल्याने वाढतो. या साठ्याला ‘सामाजिक भांडवल’ म्हणतात. हा शब्द पटनम यांनी घडवलेला नाही, पण जगभर पोहोचला तो मुख्यतः त्यांच्यामुळे.

आता दोषांकडे वळू, कारण आदर म्हणजे डोळे मिटणे नव्हे. पाचव्या प्रकरणात पटनम एक मोठी उडी घेतात. उत्तर आणि दक्षिण यांतला फरक ते बाराव्या शतकापर्यंत मागे नेतात. उत्तरेत फ्लॉरेन्स, बोलोन्या, जेनोवा अशी स्वतःचा कारभार पाहणारी नगरे होती. दक्षिणेत नॉर्मन राजांची भक्कम, पण वरून खाली चालणारी सत्ता होती. एकीकडे माणसे बरोबरीने बांधली गेली, दुसरीकडे धनी आणि चाकर या नात्याने. या प्रकरणातला एकोणिसाव्या शतकाचा भाग भक्कम आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी एमिलिया-रोमान्या आणि कालाब्रिया हे दोन्ही शेतीवर जगणारे प्रदेश होते. उद्योगांतल्या कामगारांचे प्रमाण पाहिले तर कालाब्रिया किंचित पुढेच होता. पण एमिलियात सहकारी संस्था आणि परस्पर साहाय्य मंडळे गजबजलेली होती, कालाब्रियात ती जवळपास नव्हती. पुढे श्रीमंत कोण झाले, ते सर्वांसमोर आहे. इथवर पुरावा बोलतो. त्यामागची सात शतके मात्र लेखकाने भराभर ओलांडली आहेत.

दक्षिण इटलीचे जाणकार सिडनी टॅरो यांनी १९९६ मध्ये नेमके यावर बोट ठेवले. दक्षिणेवर परके राजे राज्य करत होते. १८६१ नंतरच्या एकसंध इटलीनेही तिला बरोबरीने वागवले नाही. मग दोष दक्षिणेच्या माणसांचा की त्यांच्यावर राज्य करणाऱ्यांचा? पुस्तकात राज्यसंस्था कुठे आहे? हा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे. हजार वर्षांचे ओझे दाखवून ‘तुमच्या मातीतच नाही’ असे एखाद्या प्रदेशाला सांगणे अन्यायाचे आहे, आणि शास्त्र म्हणूनही कच्चे आहे. दुसरा धक्का इतिहासाने पुस्तक येण्याच्या सुमारासच दिला होता. १९९२ च्या फेब्रुवारीत इटलीतला लाचखोरीचा प्रचंड घोटाळा उघडकीला आला तो मिलानमध्ये, म्हणजे उत्तरेच्या श्रीमंत, संस्थांनी भरलेल्या भागात. दोन वर्षांत ख्रिश्चन डेमॉक्रॅट पक्ष विसर्जित झाला.

तिसरा आक्षेप सर्वांत खोल आहे. संस्था पुष्कळ असणे म्हणजे लोकशाही सुदृढ असणे का? शेरी बर्मन यांनी १९९७ मध्ये वायमार जर्मनीचा दाखला काढला. तिथे मंडळे आणि संघटना उदंड होत्या, आणि नाझींनी त्याच जाळ्यातून कार्यकर्ते गोळा केले. आपल्या देशात आशुतोष वार्ष्णेय यांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात याच प्रश्नाला दिशा दिली. दंगली होणारी आणि न होणारी शहरे जोडीजोडीने घेऊन त्यांनी दाखवले की, हिंदू आणि मुसलमान एकाच व्यापारी संघटनेत, एकाच कामगार संघटनेत, एकाच क्लबात असतील तिथे अफवेला आवर बसतो. आपापल्या जातीधर्मापुरत्या संस्था कितीही असल्या तरी ते काम करत नाहीत. पटनम यांच्या सिद्धांताला मिळालेली ही सर्वांत आवश्यक दुरुस्ती, आणि ती भारतातून मिळाली.

एवढे आक्षेप पचवूनही हे पुस्तक उभे राहते ते त्याच्या रीतीवर. लोकशाहीविषयी बोलताना आपण नेते, लाटा आणि निकाल यांच्यातच अडकतो. पटनम यांनी निकालानंतरच्या पाच वर्षांकडे बघायला शिकवले. निवडून आलेल्यांनी अंदाजपत्रक केव्हा मांडले, मंजूर पैसा कुठे गेला, पाळणाघर उघडले की नाही. आणि हे मोजताना त्यांनी लोकांना दोष दिला नाही. वशिल्याच्या प्रदेशात राहणारा माणूस मूर्ख नसतो. सगळेच वशिल्याने वागत असताना एकट्याने सरळ वागणे त्याला परवडत नाही, हे त्यांनी सहाव्या प्रकरणात सहानुभूतीने मांडले आहे.

पुस्तक आले त्याच वर्षी, १९९३ मध्ये, भारतात पंचायती आणि नगरपालिकांना घटनेत स्थान देणारी ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. महाराष्ट्र त्याच्याही पुढे होता : इथे जिल्हा परिषदा १९६२ पासून चालू आहेत. एकच कायदा जुन्या मुंबई राज्याच्या, निजामाच्या आणि मध्य प्रांताच्या अमलाखालून आलेल्या जिल्ह्यांवर एकाच दिवशी लागू झाला. इटलीच्या तोडीचा हा प्रयोग आपल्या दाराशी साठ वर्षांहून अधिक काळ चालू आहे. त्याचा अभ्यास अशाच चिकाटीने, जिल्हावार, मराठीतून व्हायला हवा. राज्यशास्त्राच्या तरुण अभ्यासकांना माझे सांगणे एवढेच : पाचवे प्रकरण सावधपणे वाचा, तिसरे आणि चौथे पुन्हा पुन्हा वाचा, आणि मग आपल्या जिल्हा परिषदेची दहा वर्षांची अंदाजपत्रके मागवून कामाला लागा.